देखणीनें घेतलेलें कुरूपेचें सोंग

गेल्या हिवाळ्यांत आमच्या नातीच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाची एकांकिका बसविली जात होती. नायिका रूपानें साधारण. दाखविण्याच्या कार्यक्रमांत वारंवार नाकारली जाणारी. आमची नात सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. आवाज मात्र खणखणीत व वाणी शुद्ध. हें काम आपणांसच मिळणार अशी तिची खात्री होती. तें मिळालें वर्गांतील सर्वांत देखण्या मुलीस. प्रेक्षकांना नायिका पाहवली पाहिजे, असें कारण सांगण्यांत आलें. शिर्डीस घरीं आल्यावर पोरीनें विचारलें, "आबा, कुरूप मुलीचं कामसुद्धां सुंदर मुलीनंच करायचं का हो?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत भूमिकांचे अनुरूपा, विरूपा व रूपानुसारिणी असे तीन प्रकार आहेत. वयानें व स्त्रीपुरुषत्वानें जुळणारी ती पहिली. बालकानें वृद्धाची किंवा वृद्धानें बालकाची घेतली तर दुसरी. पुरुषानें स्त्रीची किंवा स्त्रीनें पुरुषाची घेतली तर तिसरी. नटानें आपण नाहीं तें होऊन दाखवावें, हें शास्त्रास मान्यच आहे. तेव्हां देखणीनें कुरूपा होऊं नये, असें आम्ही म्हणणार नाहीं.

शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनीं लिहिलेली 'ती फुलराणी' १९७५ सालीं रंगभूमीवर आली व भक्ती बर्वे यांची मंजुळा गाजली. १९१४ सालीं लंडनांत मूळ नाटकांतील फुलवाली मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनीं वयाच्या ४९ व्या वर्षीं रंगविली होती. पण ही फुलवाली कुरूप नव्हे, केवळ न धुतलेली! काजळी जाऊन आंतलें रूप दिसावें, ही त्या कथेचीच मागणी. जेथें नायिका शेवटपर्यंत साधारणच राहावयाची, तेथें मात्र घोटाळा होतो. प्रेक्षक पहिल्याच प्रवेशांत रंगाखालचा चेहरा ओळखतो आणि चष्मा केव्हां उतरतो याची वाट पाहत बसतो. तिच्या दुःखाकडे मग लक्ष कोणाचें?

आमची खरी तक्रार निराळीच. ही मुभा एकाच बाजूस कां? देखणीस कुरूपा होतां येतें; साधारण रूपाच्या मुलीस शकुंतला किती वेळां मिळते? प्रेक्षकांचें निमित्त पुढें करूं नये. बालगंधर्वांनीं साठी उलटल्यावरही 'एकच प्याला'तील सिंधू केली. आमचे वडील सांगत, वय दिसे, देह सुटलेला दिसे. पण स्वर लागला कीं समोर सिंधूच उभी. ज्या महाराष्ट्रानें हें डोळ्यांनीं पाहिलें, त्यास एक सावळी पोर पाहवत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.

प्रयोगाच्या दिवशीं नातीकडे विंगेंतून शब्द पुरविण्याचें काम आलें. नायिका साधारण दिसण्यासाठीं चष्मा हवा होता; ऐन वेळीं तो हिचाच नेला. वहींतील अक्षर दिसेना, तेव्हां पोर सारे संवाद तोंडपाठ सांगत राहिली. नायिका दोनदां अडखळली, आणि दोन्ही वेळां पहिल्या रांगेंत बसलेल्या आम्हांस विंगेंतला आवाज स्पष्ट ऐकूं आला.