बिनवासाचा वायू : लेखांक ५ – मोकळ्या हवेचा भरवसा

गेल्या आठवड्यात आपण न्हाणीघरातला गॅस गिझर पाहिला. झरोका बंद, हवा कोंडलेली. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो हे पटायला जड नाही. पण वर मोकळं आभाळ आणि चहूकडे पाणी असताना हाच वायू जीव कसा घेतो?

अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणामुळे झालेला लेक पॉवेल हा जलाशय आहे. सुट्टीत कुटुंबंच्या कुटुंबं तिथे हाउसबोटीवर राहतात. ऑगस्ट २००० मध्ये अशाच एका बोटीच्या मागे पोहणारे ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ बेशुद्ध होऊन बुडाले. बोटीवर एसीसाठी जनरेटर चालू होता.

मेख बोटीच्या बांधणीत होती. पाण्यात उतरायला सोयीचा म्हणून मागे पाण्यालगत एक फलाट असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरचा धूर नेमका त्याखालच्या पोकळीत सोडलेला. धुरात पाणी मिसळतात. त्याने तो थंड होतो, आवाज बसतो, वायू मात्र तसाच राहतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने अशा पोकळ्यांत मोजमाप केलं, तेव्हा प्रमाण दहा लाखांत ३०,००० भागांपर्यंत गेलं. या संस्थेच्या लेखी १,२०० भागसुद्धा जिवाला तत्काळ धोक्याचे! मग जुन्या नोंदी चाळल्या गेल्या. १९९० ते २००० या काळात लेक पॉवेल परिसरात बोटींवर १११ जणांना या वायूची बाधा झाली होती. त्यांतले ९ दगावले होते. पाण्यात शुद्ध हरपली की माणूस बुडतो, आणि रक्त तपासलं नाही तर कागदावर ‘बुडून मृत्यू’ एवढंच उरतं.

बोट चालू असली तरी निर्धास्त राहू नये. वेगात जाणाऱ्या बोटीच्या पाठीमागे हवेचा दाब घटतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. ‘बोट लागली असेल’ म्हणून आपण लिंबू चोखत बसतो. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. तो खुशाल ९८ दाखवतो.

उपाय मात्र साधा निघाला. जनरेटरचा धूर उभ्या नळीने छपराच्याही वर सोडला, तर फलाटाजवळचं प्रमाण एकदम खाली येतं, हे नायॉशच्याच चाचण्यांत दिसलं. ही सोय नसेल, तर पाण्यात माणूस असेतोवर जनरेटर आणि इंजिन दोन्ही बंद ठेवावीत. झोपण्याच्या केबिनमध्ये या वायूचा अलार्म हवाच.

इथे निदान धूर सोडणारं यंत्र तरी होतं. पुढच्या आठवड्यात जहाजाच्या मालखणात उतरू. तिथे ना इंजिन, ना विस्तव. नुसत्या लाकडी गोळ्या भरलेल्या, आणि तरीही हा वायू तयार होतो.