झाडूच्या टप्प्यातला शेजारी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात लांब काठीला कुंचा बांधला जातो आणि जळमटांवर मोहीम निघते. गेली कित्येक वर्षे या मोहिमेची सेनापती आमची आई. ‘कोळी दिसला म्हणजे घर आळशी’ हे तिचे ठाम मत. यंदा मात्र गॅलरीतल्या मनीप्लांटपाशी तिचा कुंचा थबकला. तो का थबकला, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

आम्ही घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात राहतो. हाउसिंग बोर्डाची जुनी इमारत, तिसरा मजला, पूर्वेकडे तोंड असलेली चिंचोळी गॅलरी. पलीकडे द्रुतगती महामार्ग आणि त्याही पलीकडे खाडी. पूर्वी उगवतीचे ऊन थेट कुंड्यांवर यायचे. आता आजूबाजूच्या जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहताहेत. आमच्या वाट्याला समोरच्या भिंतीवरून परतलेला फिकट उजेड येतो, तोही सकाळी तासभरच. त्या तासात मी फोटो काढतो. कशाचे? जेमतेम तुरीच्या दाण्याएवढ्या कोळ्यांचे!

कोळी म्हटला की आपल्याला जाळे आठवते. पण हा कोळी जाळे विणून वाट पाहत बसत नाही. मांजरासारखा दबा धरतो आणि भक्ष्यावर झेप घेतो. झेपेआधी रेशमाचा एक धागा पायाखाली चिकटवून ठेवतो. अंदाज चुकला तर त्याच दोरीला लोंबकळून वाचतो. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे हे कूळ कोळ्यांमधले सर्वांत मोठे. त्यात जगभरात ६ हजारांहून अधिक जाती आहेत. आमच्याकडचा तो हॅसेरियस ॲडानसोनी. उष्ण प्रदेशांतल्या घरांमधून तो सर्रास आढळतो. नर काळपट, पोटाच्या पुढल्या कडेला पांढरी चंद्रकोर. लहानसहान माशा, किडे, सापडला तर डास हे त्याचे जेवण. बरे, हा कीटकही नव्हे. कीटकाला पाय सहा, याला आठ. आणि डोळेही आठ!

‘एवढासा उजेड, मग फ्लॅश का नाही वापरत?’ असे मित्र विचारतात. वापरून पाहिला. त्याच्या काळ्याभोर डोळ्यांत फ्लॅशचा पांढरा चौकोन तेवढा उमटतो आणि अंगावरची लव सपाट दिसते. सकाळच्या मंद उजेडात मात्र त्याच डोळ्यात आमच्या गॅलरीचे गज दिसतात. कठड्यावर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा!

या हौसेची किंमत मोजावी लागते. वस्तू जेवढी आहे तेवढीच कॅमेऱ्यात उमटवायची, तर लेन्स इतकी पुढे सरकवावी लागते की आत पोचणारा उजेड पाव हिश्श्यावर येतो. उजेड वाढवायला लेन्सचे छिद्र मोठे करावे, तर स्पष्ट दिसणारा पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होतो. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर, पाय आले तर डोळे गेले. छिद्र लहान करावे, तर शटर इतका वेळ उघडे राहते की आपला श्वाससुद्धा फोटोत हलतो. यावर माझे उपाय घरगुती आहेत. कॅमेऱ्याखाली तांदळाची पिशवी आणि कुंडीच्या सावलीकडल्या बाजूला वहीचा पांढरा कागद, म्हणजे थोडा उजेड परत फिरतो. बाकी सारी भिस्त कोळ्याच्या मर्जीवर. सकाळच्या गारव्यात तो कधी कधी पाच-पाच मिनिटे हलत नाही. तरीही पन्नास फोटोंतला एखादा साधतो. उरलेले धूसर म्हणून पुसून टाकायचे.

या धूसरपणाचा मला फार राग येई. पण एक गोष्ट वाचनात आली आणि मी थक्क झालो. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी नेमक्या याच जातीच्या कोळ्यावरचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. याच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांत पडदा एक नसतो, एकाखाली एक असे चार थर असतात. एका थरावर चित्र स्पष्ट पडते, शेजारच्या थरावर धूसर. ते किती धूसर आहे, यावरून कोळ्याला भक्ष्य किती लांब आहे ते कळते. हिरव्या उजेडात त्याची उडी अचूक पडली. नुसत्या तांबड्या उजेडात मात्र अंतराचा अंदाज चुकला आणि उडी अलीकडेच पडली. मी जो धूसरपणा चूक म्हणून पुसत होतो, तीच त्याची मोजपट्टी!

हे मी आईला सांगितले तेव्हा तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. मी एक फोटो मोठा छापून तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. “अगंबाई, हा तर माझ्याकडेच बघतोय!” मग जरा थांबून म्हणाली, “मला या डोळ्यानं सगळं धूसर दिसतं, तर जिना उतरायची भीती वाटते. आणि हा त्यावरच उडी मारतो?”

अशी नवलाई शोधायला दूरच्या जंगलातच जावे लागते असेही नाही. २०२१ साली ठाणे परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक जात विज्ञानाला नवी म्हणून जाहीर झाली. तिला नाव दिले गेले ‘आयशियस तुकारामी’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत अतिरेक्याची बंदूक न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे हे स्मरण. म्हणजे लोकल गाडीच्या काही स्टेशनांच्या अंतरावर राहणारा हा शेजारी तोवर बिननावाचाच होता. आपल्या कुंच्याखाली असे आणखी किती जात असतील!

आमची इमारतही आता पुनर्विकासात जायची आहे. मनीप्लांटची कुंडी भाड्याच्या घरी नेता येईल. तिथे पूर्वेचा उजेड असेल का, आणि कोळी कुंडीबरोबर येईल का, हे मात्र कोणी करारात लिहून देत नाही. म्हणून हल्ली एकही सकाळ मी वाया घालवत नाही.

परवा जळमटे काढताना आईने कामवाल्या मावशींना बजावले, “तेवढा कोपरा राहू दे गं. तिथं आमचं माणूस राहतं.” तुम्हीही या दिवाळीला कुंचा उचलण्याआधी मुलांना हाक मारा, एखादे भिंग घ्या आणि खिडकीच्या कोपऱ्यात पाच मिनिटे पाहा. एखादा आठ डोळ्यांचा शेजारी तुमच्याकडेही बघत असेल.