परागंदा – भाग ७ : सतरा दिवसांचा कारभारी

बर्नार्डो पेरीश द सिल्वा यांचा जन्म १७७५ साली तिसवाडीतल्या नेवरा गावचा. पेशा वैद्यकीचा. चंदगडहून तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग ओलांडले की जो गोवा लागतो, तो तेव्हा लिस्बनच्या हुकमाने चाले. १८२० मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, राजाला घटनेचा लगाम बसला आणि गोव्यालाही संसदेत प्रतिनिधी पाठवता येऊ लागले. निवडलेल्या तिघांत पेरीश द सिल्वा होते. पण शिडाच्या जहाजातून ते लिस्बनला कामावर रुजू होण्याआधीच, १८२३ मध्ये, ती संसद मोडीत निघाली.

१८२८ मध्ये घटनेचे विरोधक राजपुत्र दों मिगेल यांनी पोर्तुगालची गादी बळकावली आणि उदारमतवाद्यांची धरपकड सुरू झाली. त्यांच्यापैकीच एक असलेले पेरीश द सिल्वा इंग्लंडमार्गे ब्राझीलला गेले. हा पहिला परागंदा काळ रिकामा गेला नाही. रिओ दि जानेरोत १८३२ साली त्यांनी संवादरूपात एक पुस्तक छापले. विषय पोर्तुगालची राज्यघटना, तिचे फायदे आणि ती टिकवायची कशी. शेवटचा प्रश्न लवकरच त्यांच्याच अंगावर यायचा होता.

मिगेल हरल्यावर १८३४ मध्ये राणी मारिया यांच्या सरकारने त्यांना पोर्तुगीज भारताचे प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, नेमले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतल्याला सव्वातीनशे वर्षे होत आली होती. एवढ्या काळात या जागेवर गोव्याचा भूमिपुत्र प्रथमच बसला. १४ जानेवारी १८३५ रोजी सूत्रे हाती येताच त्यांनी जुन्या कारभाराची घडी बदलायला घेतली. फौजेत मात्र वर्चस्व होते गोव्यात स्थायिक झालेल्या पोर्तुगीज घराण्यांचे, आणि त्यांना ना हा बदल रुचला, ना हा माणूस. १ फेब्रुवारीला लष्कराने उठाव करून त्यांना पदावरून काढले. लिस्बनने सनद दिली होती, पण पणजीतल्या बंदुका सनद वाचत नव्हत्या!

पेरीश द सिल्वा यांनी इंग्रजांच्या मुंबईत आसरा घेतला. हद्द ओलांडली की पाठलाग थांबे, ही त्या काळची रीत दोन्ही बाजूंनी चाले. दहाच वर्षांनी, १८४५ मध्ये, मनोहरगड पडल्यावर सावंतवाडीच्या बंडातले फोंड सावंत इंग्रजांना चुकवून उलट गोव्यातच शिरले.

गोव्यात मागे राहिलेल्या पेरीश द सिल्वा यांच्या समर्थकांचे हाल झाले. मे १८३५ मध्ये पणजीजवळच्या गास्पार दियाश किल्ल्यातील त्यांच्या बाजूच्या शिबंदीची कत्तल झाली. इकडे मुंबईत चीनशी अफूचा व्यापार करणारे गोमंतकीय सावकार रोजेरियो द फारिया यांनी पैसा ओतून त्यांच्यासाठी जहाजे उभी केली. आरमार २७ मे रोजी निघाले. मृग तोंडावर आलेला. या दिवसांत कोकणातले मच्छीमारही होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. घाईने दगा दिला. वादळात जहाजे पांगली आणि गोवा घ्यायचा बेत तिथेच बारगळला.

दमण आणि दीव यांनी मात्र त्यांची सत्ता मानली. दमणला राहून त्यांनी या दोन ठाण्यांचा कारभार १८३७ पर्यंत पाहिला. त्या वर्षी लिस्बनहून नवा गव्हर्नर जनरल आला आणि हे दुहेरी राज्य संपले. पेरीश द सिल्वा पुन्हा पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी झाले. १८४४ साली लिस्बनमध्येच त्यांचे निधन झाले.