मालक नसलेलं भूत

जमिनीखाली खोलवर एक गोल लोखंडी जिना आहे. पाय घसरू नये म्हणून त्याच्या पायऱ्यांवर शंकरपाळ्यांसारखी उठावाची नक्षी होती. पिढ्यान्‌पिढ्यांची पावलं पडून ती मधोमध पार गुळगुळीत झाली आहे. कडेला, जिथे कुणी पाय ठेवत नाही, तिथे मात्र ती अजून शाबूत आहे. होल्स्टन नावाचा पोलीसप्रमुख हा जिना चढतो आहे. वरून मुलांच्या खेळण्याचा कल्ला ऐकू येतो आहे. होल्स्टन मरायला निघाला आहे, आणि हे मरण त्याने स्वतः मागून घेतलं आहे.

ह्यू हॉवीच्या 'वूल' या विज्ञानकथेची ही सुरुवात. पृथ्वीवरची हवा विषारी झाली आहे आणि माणसं जमिनीत पुरलेल्या एका प्रचंड कोठारात मजल्यांवर मजले करून राहतात. बाहेर जायची इच्छा कुणी बोलून दाखवली, तर त्याला खरोखरच बाहेर काढतात. जाताना त्याने कॅमेऱ्याची काच लोकरीच्या बोळ्याने पुसायची, म्हणजे आतल्यांना बाहेरचं नीट दिसेल. जाणारा प्रत्येक जण पुसणार नाही अशी शपथ घेऊन जातो आणि तरीही पुसतो. का, ते इथे सांगणार नाही. ज्यांनी वाचलेली नाही, त्यांचा तो धक्का त्यांच्यासाठीच राहू दे.

मला त्या कथेत सगळ्यात खरी वाटली ती झिजलेली नक्षी. किती माणसं, किती वर्षं, कसं बंदिस्त आयुष्य, हे एका पायरीत आलं. आणि ज्या माणसाने ही पायरी पाहिली, त्याच्यामागे तेव्हा कुणीही प्रकाशक नव्हता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बून या डोंगराळ गावी एका विद्यापीठाच्या पुस्तकाच्या दुकानात तो नोकरीला होता. त्याआधी श्रीमंतांच्या बोटी चालवायचा. दुकानातली कामं सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत तो लिहीत असे. जुलै 2011मध्ये ही लांबट कथा त्याने अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर स्वतःच टाकली, 99 सेंटला. कथा तिथेच संपली होती. वाचकांनी ती संपू दिली नाही. पुढे काय झालं, असं ते विचारत राहिले, म्हणून त्याने आणखी चार भाग लिहिले आणि 2012च्या सुरुवातीला पाचांचं एक पुस्तक झालं. मोठे प्रकाशक दारात आले तेव्हा त्याने मोठाल्या रकमा नाकारल्या आणि सायमन अँड शुस्टरला फक्त छापील पुस्तकाचे हक्क दिले. ई-पुस्तक स्वतःकडेच ठेवलं. अशी अट एका नवख्याने घालणं आणि एवढ्या मोठ्या संस्थेने ती मान्य करणं, हे तेव्हा फारच दुर्मीळ होतं. 2023मध्ये त्यावर 'सायलो' ही मालिका आली.

आपल्याकडे पदरमोड करून पुस्तक छापणाऱ्याबद्दल एक प्रकारची दया असते. कुणी छापेना म्हणून स्वतः छापलं, असं आपण गृहीत धरतो. इंग्रजी जगातही 2007पर्यंत, म्हणजे किंडल येईपर्यंत, थोडीफार हीच गत होती. त्यानंतर हिशेब बदलला. ई-पुस्तकाची किंमत 2.99 ते 9.99 डॉलरच्या दरम्यान ठेवली, तर अ‍ॅमेझॉन लेखकाला सत्तर टक्क्यांपर्यंत वाटा देऊ लागलं. त्याहून स्वस्त ठेवलं तर पस्तीस. लेखकाने स्वतः लिहायचं, संपादन करून घ्यायचं, मुखपृष्ठ करून घ्यायचं, किंमत ठरवायची. याला स्वतंत्र लेखक म्हणतात. पण या स्वातंत्र्याचा एवढा मोठा लाभ भयकथा, झाँबीकथा आणि विज्ञानकथा यांना का झाला, याचं उत्तर किंडलमध्ये नाही. ते 1968 सालच्या एका चुकीत आहे.

पिट्सबर्गच्या काही तरुणांनी पैसे जमवून एक चित्रपट काढला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, सहलेखक जॉन रुसो. एकूण खर्च सुमारे 1,14,000 डॉलर. कृष्णधवल फिल्म, एक ओसाड शेतघर आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचं सरबत. मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात, अशी गोष्ट. चित्रपटाचं नाव आधी 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरकाने ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केलं आणि शीर्षकाची नवी पाटी लावली. जुन्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ होती. नव्या पाटीवर ती घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसेल तर हक्कच नाही. आपल्या 1957च्या कायद्यात अशी अट नाही. इथे लिहिलेलं लिहिताक्षणी लेखकाचं होतं आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचं राहतं. तिथे एका ओळीअभावी चित्रपट सार्वजनिक झाला. कुणीही तो दाखवू लागलं, पुढे कुणीही त्याच्या कॅसेटी काढून विकू लागलं. करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं.

रोमेरोवर झालेला अन्याय मला आजही बोचतो. पण त्याच अन्यायातून जगाला एक बेवारस भूत मिळालं. हळूहळू चालणारं, झुंडीने येणारं, डोक्यावर घाव घातल्याशिवाय न पडणारं. संपूर्ण चित्रपटात 'झाँबी' हा शब्द एकदाही येत नाही. तो लोकांनी नंतर चिकटवला. ड्रॅक्युला किंवा अंतराळातला एखादा नायक घ्यायचा तर बराच काळ कुणाची ना कुणाची परवानगी लागत असे. हे भूत घ्यायला कुणालाही विचारावं लागत नाही. ज्याच्याकडे प्रकाशक नाही, वकील नाही, पैसा नाही, त्या लेखकाला याहून योग्य विषय कोणता?

इंग्लंडमधल्या डेव्हिड मूडीने तो उचलला. त्याची पहिली कादंबरी 1996मध्ये एका लहान प्रकाशकाने काढली, तिच्या प्रती शेकड्यांत मोजण्याइतक्या. दुसरी 'ऑटम' 2001मध्ये त्याने इंटरनेटवर फुकट ठेवली. पाच लाखांहून अधिक वेळा ती उतरवून घेतली गेली. मग त्याने स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि 2006मध्ये 'हेटर' छापली. 'पॅन्स लॅबिरिंथ'च्या गिएर्मो देल तोरोसारख्या दिग्दर्शकाला तीत रस वाटला, चित्रपटाचे हक्क विकले गेले आणि मग 2009मध्ये न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने ती पुन्हा काढली.

'ऑटम' मी वाचली ती 2020च्या टाळेबंदीत. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवून गॅलरीत वाळत घालायचो, ते दिवस. त्या कादंबरीत काही मिनिटांत जवळजवळ सगळी माणसं मरतात. काही दिवसांनी मेलेली उठतात, पण ती कुणाला खात नाहीत. नुसती फिरतात. मग हळूहळू त्यांना ऐकू यायला लागतं, दिसायला लागतं, आणि उरलेल्यांनी केलेल्या प्रत्येक आवाजाकडे ती वळतात. वाचलेली माणसं एका सभागृहात जमून बसली आहेत आणि कुणी बोलत नाही, ते प्रसंग वाचताना आमच्या गल्लीतली शांतता खिडकीतून आत येत होती. त्या रात्री पंख्याचा आवाजही मला मोठा वाटला. मूडीने रक्तमांसाची भीती बाजूला ठेवली आणि आवाज करण्याची भीती लिहिली. माझ्या मते एखाद्या व्यवहारी संपादकाने त्याला नक्की विचारलं असतं, "अहो, यांनी खायला नको का?" विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ते पुस्तक तसं राहिलं.

आपल्या भुतांशी हे ताडून पाहावं. आपला मुंजा सोडमुंज होण्याआधी गेलेला असतो, तो पिंपळावर राहतो. हडळ बाळंतपणात गेलेली असते. समंधाची एखाद्या जागेवर, धनावर वासना अडकलेली असते. हाकामारी दाराशी येऊन नावाने हाक मारते. प्रत्येकाला नाव आहे, पत्ता आहे, काहीतरी हवं आहे. ते दिलं, विधी केला, की ते जातं. नारायण धारपांनी मराठी भयकथेला वेगळं वळण दिलं, परकीय साहित्यातल्या कल्पनाही इथल्या मातीत रुजवल्या, पण त्यांच्याकडेही दुष्टशक्तीला इच्छा असते आणि समोर त्यांच्या 'समर्थ' या पात्रासारखा कुणी जाणता उभा राहतो. झाँबीला काय द्यायचं? त्याची वासना उरलेली नाही, ओळख उरलेली नाही. समोर उभी आहे ती शेजारच्या माणसाची रिकामी कूड. मला वाटतं, म्हणूनच मराठीत तो रुजायला जड जातो आणि म्हणूनच तो आपण वाचला पाहिजे. आपल्या भीतीच्या यादीत हा प्रकार नव्हता.

या कल्पनेचं मूळ मात्र हैतीत आहे, आणि तिथे ती करमणूक नव्हती. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवलं जाई. 1791मध्ये त्यांनी बंड केलं आणि 1804मध्ये स्वतःचं राष्ट्र उभारलं. त्यांच्या लोकसमजुतीतला झाँबी कुणाला खात नाही. एखादा मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि त्याला कामाला जुंपतो. मरणाने तरी सुटका होईल एवढीच ज्याची आशा, त्याची तीही आशा हिरावली जाणं, ही ती भीती. 1915पासून अमेरिकी सैन्याने हैती ताब्यात ठेवलं होतं. त्या काळात विल्यम सीब्रुकच्या 1929च्या प्रवासवर्णनातून ही गोष्ट अमेरिकेत पोहोचली आणि 1932मध्ये 'व्हाइट झाँबी' हा चित्रपट आला. गुलामाचं दुःख मागे राहिलं, पडद्यावर नुसतं मढं आलं.

2012मध्ये हॉवीने 'आय, झाँबी' नावाची छोटी कादंबरी पुन्हा स्वतःच काढली. न्यूयॉर्क शहर, झाँबींची झुंड, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की गोष्ट झाँबींच्या आतून सांगितली आहे. शरीर आपल्या मनाने चालतं, फाडतं, गिळतं, आणि आत माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. त्याला सगळं दिसतं, वास येतो, चव कळते. थांबता मात्र येत नाही. मला ते पुस्तक एका बैठकीत वाचवलं नाही. दोनदा मिटून ठेवावं लागलं. किळस त्यात भरपूर आहे, आणि ज्यांना ती सोसत नाही त्यांनी हे पुस्तक उघडूच नये. पण ऐंशी वर्षांत वाहून गेलेली मूळची वेदना, आपल्या देहावर दुसऱ्याची सत्ता असण्याची, तिथे परत आली आहे. 'वूल'मधली पायरी आणि या कादंबरीतलं कैदी मन, दोन्ही एकाच लेखकाची का, ते दोन्ही वाचल्यावर कळतं. बंदिवास हाच त्याचा विषय आहे.

स्वतंत्र लेखकांकडे संपादक नसतो असं म्हणतात. अँडी वीअरचं उदाहरण त्यावर पाहावं. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा हा माणूस. 2009पासून 'द मार्शियन'ची प्रकरणं तो आपल्या संकेतस्थळावर एकेक करून फुकट टाकत होता. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवून जगतो, ही गोष्ट. त्यात रॉकेटच्या इंधनापासून पाणी बनवण्याची कृती आहे, उष्मांकांचा हिशेब आहे. वाचकांत रसायनशास्त्र जाणणारे होते. चूक दिसली की ते लिहून कळवत आणि वीअर दुरुस्त करी. एक चूक त्याने जाणूनबुजून ठेवली. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे सुरुवातीचं ते वादळ यान कलंडवूच शकत नाही. कथा सुरू व्हायला वादळ हवं होतं, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं. वाचकांनीच किंडलवर द्या म्हणून आग्रह धरला. तिथे फुकट ठेवता येईना, म्हणून त्याने सर्वात कमी किंमत लावली, 99 सेंट. ती विकली गेली, आणि 2014मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने छापली. पुढच्या वर्षी रिडली स्कॉटचा चित्रपट आला. संपादक होता, फक्त तो शेकडो घरांत विखुरलेला होता.

सगळंच असं नसतं. स्वतंत्र लेखकांच्या पुस्तकांत पसारा असतो, मुद्रणदोष असतात, पहिला भाग खपला म्हणून ताणलेले आठ भाग असतात. विशेषतः झाँबीकथांत बंदुकांची वर्णनं पानंच्या पानं चालतात आणि माणसं कागदाची राहतात. मी एक नियम पाळतो. नमुन्याची फुकट पानं वाचायची आणि त्यात एक तरी झिजलेली पायरी सापडते का ते पाहायचं. लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू. ती नसेल तर पुस्तक सोडतो.

लेखकाचं नाव झाकून गोष्ट जोखायची परंपरा आपल्याकडेही आहे. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. मागाहून कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती कथा उतरवून दिली होती. कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेचं आणि केंब्रिजचं वलय बाजूला ठेवून, परीक्षकांनी आपली गोष्ट नुसती गोष्ट म्हणून वाचावी, असं त्या शास्त्रज्ञाला वाटलं. बूनच्या दुकानातल्या हॉवीला ती सोय आयतीच होती. त्याचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.

दिवाळी अंकांत दरवर्षी अशी अनोळखी नावं असतात. एखादी गोष्ट रात्री अंगावर आली, तर त्या लेखकाला दोन ओळी लिहा. चूक सापडली तर तीही कळवा. आणि पुस्तक स्वतः काढलेलं असेल, तर त्याची प्रत विकत घ्या. पीडीएफ पुढे पाठवू नका.