रोजचे नऊ जार

चौघांच्या एका घरी रोज सकाळी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार येतात. घरातली माणसं ते उचलतात आणि एकामागून एक संडासात रिकामे करतात. शेजारी काय म्हणतील? डोकं फिरलंय यांचं! पण फ्लशची टाकी असलेल्या आपल्या बहुतेक घरांत रोज हेच चालतं; फक्त जार दिसत नाहीत. इमारतीला पाणी किती लागेल याचा हिशेब करताना भारतीय मानकात फ्लशसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात. चौघांचे झाले १८० लिटर, म्हणजे बरोबर नऊ जार.

आपल्या कोणत्या सवयीवर पतवंडं हसतील, असा विषय निघाला की मोबाइल, प्लास्टिक, पेट्रोलच्या गाड्या यांची नावं पुढे येतात. माझं मत मात्र या नऊ जारांना.

मुंबईच्या फ्लशमधलं पाणी कुठून येतं पाहा. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणापासून शहरापर्यंतचं अंतर शंभर किलोमीटरच्या घरात आहे. वाटेत त्या पाण्यातला गाळ रसायनं घालून खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात, त्यात क्लोरीन मिसळतात. मग पंप ते इमारतीच्या गच्चीवर चढवतो. एवढा सोपस्कार झालेलं पाणी आपण बटण दाबून काही सेकंदांत गटारात सोडतो. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या काही पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहतात.

म्हणून फ्लश हा मूर्खपणा ठरत नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यानं संडासाच्या नळीला बाक दिला. त्या बाकात थोडं पाणी अडकून राहतं आणि गटारातली दुर्गंधी घरात शिरत नाही. आजच्या भांड्यातही तीच युक्ती आहे. पुढं १८५८ च्या उन्हाळ्यात मैल्यानं भरलेल्या थेम्स नदीच्या वासानं लंडनची पार्लमेंटसुद्धा हैराण झाली. त्यातून जोसेफ बाझलजेट यांच्या भुयारी गटारांचं काम मार्गी लागलं. आपल्याकडे तर टोपलीचे संडास होते आणि त्या टोपल्या ठरावीक जातींच्या माणसांच्या डोक्यावर लादल्या जात. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे करावे लागले. जिथं फ्लश पोहोचला तिथं ती टोपली उतरली, ही त्याची मोठीच पुण्याई.

मैला वाहून न्यायला पाणी लागतं, हे खरं. ते पिण्याजोगंच असावं, असं मात्र शास्त्र सांगत नाही. घरात एकच पाइप आणणं स्वस्त आणि सोयीचं होतं, म्हणून स्वयंपाकघराचं पाणीच संडासातही गेलं. सोयीची पुढं रीत झाली.

हाँगकाँगनं ही रीत १९५० च्या दशकातच मोडली. तिथं गोड्या पाण्याची इतकी ओढ होती की १९६३ च्या दुष्काळात चार दिवसांतून एकदा, तेही चार तास पाणी मिळे. या ओढीपायीच फ्लशसाठी समुद्राचं पाणी घ्यायचं आधी ठरलं होतं. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून त्याच्या वाहिन्या, पंप, टाक्या वेगळ्या कराव्या लागल्या. आज तिथले दहांतले आठ लोक समुद्राच्या पाण्यानं फ्लश करतात. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या मुंबईला हे वाचून काय वाटावं! विमानातल्या संडासात तर पाण्याचं काम हवेच्या दाबावर भागवतात. तिथं लिटरभर पाणीही पुरतं.

पतवंडांना दुसरं एक कोडं पडेल. शहराच्या सांडपाण्यात मूत्राचा वाटा जेमतेम एक टक्का. पण सांडपाण्यातलं सुमारे ८० टक्के नायट्रोजन आणि जवळपास निम्मं फॉस्फरस त्या एका टक्क्यातच असतं. दोन्ही पिकाचं अन्न. आपण ते जवळपास शंभर पट पाण्यात कालवतो, नदीत सोडून जलपर्णी पोसतो आणि शेतासाठी फॉस्फेट परदेशातून आणतो. मराठीला यातलं मोल ठाऊक होतं, म्हणून तर ‘सोनखत’ हा शब्द घडला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी हाच विचार मांडला: मैल्याचं खत व्हावं आणि ते करताना कुणाच्या माथी टोपली येऊ नये. या दोन अटी एकत्र पाळणं हाच त्या प्रश्नाचा गाभा आहे. पहिलीच पाळली तर टोपली परत येते, दुसरीच पाळली तर नऊ जार.

बदल सुरू झालाय. नव्या मोठ्या संकुलांत फ्लशसाठी दुसरा पाइप असतो. त्यातून तिथलंच सांडपाणी शुद्ध होऊन येतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. वास येत असेल तर तक्रार रास्तच आहे. यंत्रणा नीट चालवायला हवी. पण एक तक्रार वेगळी असते आणि पतवंडांच्या हाती लागली तर ती पोट धरून हसतील: ‘कमोडमधलं पाणी जरा पिवळट दिसतंय, कृपया लक्ष घालावे.’