त्वचेचे पोषण

त्वचेची वाढ होणे, झीज भरून येणे आणि तिची संरक्षक क्षमता टिकून राहणे यांसाठी लागणाऱ्या पोषक द्रव्यांचा आहारातून किंवा पूरक द्रव्यांच्या रूपाने होणारा पुरवठा. त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत विस्तृत इंद्रिय असून प्रौढ व्यक्तीत तिचे क्षेत्रफळ सु. १.५ ते २ चौ. मी. असते. बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे तिचे दोन मुख्य थर आहेत. बाह्यत्वचेच्या तळाशी नवीन कोशिका (पेशी) सतत तयार होतात. वर सरकत असताना त्या केराटीन या चिवट प्रथिनाने भरतात आणि शेवटी मृत खवल्यांच्या रूपाने झडून जातात. या क्रमास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. अशी नवनिर्मिती अविरत चालू असल्यामुळे पोषणातील अनेक त्रुटी त्वचेवर ठळकपणे उमटतात. त्याच कारणाने आहारात केलेली सुधारणा त्वचेवर पूर्णपणे दिसून येण्यास काही आठवडे जावे लागतात.

पोषक द्रव्यांचे कार्य : केराटीन आणि अंतस्त्वचेतील कोलॅजेन ही दोन्ही प्रथिने असून ती आहारातील प्रथिनांपासून मिळणाऱ्या अ‍ॅमिनो अम्लांपासून शरीरात बनतात. बालकांत प्रथिनांच्या व एकूण आहाराच्या न्यूनतेमुळे होणाऱ्या क्वाशिओरकोर या विकारात त्वचा काळपट पडून वाळलेल्या रंगाच्या पोपड्यांप्रमाणे सुटू लागते. कोलॅजेनाच्या तंतूंना बळकटी येण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. अ जीवनसत्त्वामुळे बाह्यत्वचेतील कोशिकांची वाढ व विकास योग्य रीतीने होतो. लिनोलेइक अम्ल हे वसाम्ल शरीरात तयार होत नाही व ते आहारातूनच मिळावे लागते. त्वचेतून पाणी निसटून जाऊ न देणाऱ्या स्निग्ध थराचा ते एक घटक आहे. जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना वसारहित आहार दिला असता त्यांची त्वचा, विशेषतः शेपटी, खवलेदार झाल्याचे आढळले. त्यावरूनच आवश्यक वसाम्लांची कल्पना पुढे आली. जस्त हे कोशिका विभाजनास व जखम भरून येण्यास लागते.

त्रुटिजन्य त्वचाविकार : आहार व त्वचा यांच्या संबंधाचे बहुतेक निश्चित ज्ञान त्रुटिजन्य विकारांच्या अभ्यासातून मिळाले आहे.

(१) स्कर्व्ही : दीर्घ सागरी प्रवासात खलाशांना होणाऱ्या या रोगात हिरड्या सुजतात, त्वचेवर केसांच्या मुळाशी रक्तस्राव होतो व जुने व्रणही उघडतात. ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगवेगळा उपाय दिला. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. जॉन क्रँडन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३९ मध्ये क जीवनसत्त्वरहित आहार घेऊन स्वतःवरच प्रयोग केला. तीन महिन्यांनंतर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरून आली. चार महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर त्वचा खरखरीत झाली आणि सहा महिन्यांनंतर केलेली जखम मात्र भरून येईना. क जीवनसत्त्व दिल्यानंतर तीही भरून आली. शरीरातील साठा संपेपर्यंत त्रुटी दृष्टीस पडत नाही, हे या प्रयोगावरून स्पष्ट झाले.

(२) वल्कचर्म (पेलाग्रा) : निकोटिनिक अम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाच्या त्रुटीमुळे हा रोग होतो. ऊन लागणाऱ्या भागांवर, म्हणजे हातापायांवर, चेहऱ्यावर व गळ्याभोवती, दोन्ही बाजूंस सारखे असे काळपट, खरबरीत चट्टे उमटतात. पुढे अतिसार व बुद्धिभ्रंश होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. गॅस्पार कासाल या स्पॅनिश वैद्यांनी अठराव्या शतकात मक्यावर उपजीविका करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत त्याचे वर्णन केले. गळ्याभोवतीच्या चट्ट्यांना त्यांच्या नावावरून ‘कासाल कंठहार’ म्हणतात.

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला आणि तो सांसर्गिक समजला गेला. रुग्णांच्या वाट्याला आजाराबरोबरच तिरस्कारही आला. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून याचा शोध घेतला. अनाथालये व मनोरुग्णालये यांतील रहिवाशांना रोग होतो, परंतु त्यांच्याच सहवासात राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. दूध, अंडी, मांस व कडधान्ये यांची आहारात भर घातल्यावर अनाथालयांतील रोग हटला. उलट, १९१५ मध्ये मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर माफीच्या अटीवर तयार झालेल्या ११ कैद्यांना प्रामुख्याने मका व अन्य पिष्टमय पदार्थांचा आहार दिला असता ६ जणांत रोगाची लक्षणे दिसली. रोग सांसर्गिक नाही हे सिद्ध करण्यासाठी गोल्डबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कॉनरॅड एल्व्हेजम यांनी १९३७ मध्ये कुत्र्यांतील तत्सम रोग निकोटिनिक अम्लाने बरा करून दाखविला आणि लवकरच मानवी रोगावरही तो उपाय लागू पडला.

मक्यातील निकोटिनिक अम्ल बद्ध स्वरूपात असल्याने शरीरास ते फारसे मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजविण्याची परंपरा असल्यामुळे ते मोकळे होते. हे जीवनसत्त्व ट्रिप्टोफेन या अ‍ॅमिनो अम्लापासूनही शरीरात बनते, सु. ६० मिग्रॅ. ट्रिप्टोफेनापासून १ मिग्रॅ. या प्रमाणात. भारतात दख्खनच्या पठारावरील ज्वारीभक्षक गरीब वर्गात वल्कचर्म आढळत असे. हैदराबाद येथे संशोधन करणारे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या अ‍ॅमिनो अम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. हे मत सर्वमान्य झालेले नाही. तथापि केवळ एकाच धान्यावर भिस्त ठेवणारा आहार हे रोगाचे मूळ आहे, याविषयी दुमत नाही. भाकरीच्या जोडीला डाळ, शेंगदाणे, दूध किंवा मासे असल्यास हा रोग सहसा होत नाही. अतिमद्यपान करणाऱ्यांत आणि क्षयावरील आयसोनियाझीड हे औषध घेणाऱ्या कुपोषित रुग्णांत तो आजही उद्‌भवू शकतो.

(३) इतर विकार : दंडाच्या मागील बाजूस, कोपरांवर व गुडघ्यांवर काट्यांसारखे टोकदार पुरळ येऊन त्वचा बेडकाच्या त्वचेप्रमाणे खरखरीत होते, त्या विकाराचे (फ्रिनोडर्मा) कारण पूर्वी केवळ अ जीवनसत्त्वाची त्रुटी हे समजले जाई. आवश्यक वसाम्ले व ब गटातील जीवनसत्त्वे यांच्या अभावाचाही त्यात वाटा असतो. करडईच्या तेलासारखे लिनोलेइक अम्लाने समृद्ध तेल त्यावर उपयुक्त ठरते. रिबोफ्लाविनाच्या त्रुटीमुळे ओठांचे कोपरे चिरतात. तोंड, गुदद्वार व हातपाय यांभोवती पुरळ येणारा बालकांतील एक आनुवंशिक विकार पूर्वी अनेकदा प्राणघातक ठरे. जस्ताचे शोषण नीट न झाल्याने तो होतो व जस्त दिल्याने आटोक्यात येतो, हे लंडनमध्ये १९७३ मध्ये दिसून आले.

पूरक द्रव्ये : वरील सर्व उदाहरणांत विशिष्ट उणीव होती आणि ती भरून काढताच त्वचा सुधारली. यावरून तेच द्रव्य निरोगी माणसाने अधिक घेतल्यास त्वचा अधिक चांगली होईल, असा निष्कर्ष काढला जातो. तो मात्र बरोबर नाही. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्यांना रोज २०० मायक्रोग्रॅम सिलिनियम देऊन केलेल्या चाचणीत (निष्कर्ष १९९६) नवीन त्वचाकर्करोग कमी झाले नाहीत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिले असता फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण उलट वाढले (१९९४). अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. त्याच्या आधिक्याने त्वचा कोरडी पडते, केस गळतात, यकृतास इजा होते आणि गर्भवतीने ते घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. केस व नखे यांसाठी मोठ्या मात्रेत विकले जाणारे बायोटीन काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकीचे दाखविते. हृदयविकाराच्या निदानात यामुळे होऊ शकणाऱ्या धोक्याची सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिली.

तोंडावाटे घेतलेल्या कोलॅजेनाचे पचन होऊन अ‍ॅमिनो अम्ले व लहान पेप्टाइडे बनतात. ते जसेच्या तसे त्वचेत जाऊन बसत नाही. त्वचेचा ओलावा व लवचिकपणा वाढल्याचे काही चाचण्यांत आढळले असले, तरी त्यांपैकी अनेक चाचण्या लहान, अल्पकालीन व उत्पादकांच्या साहाय्याने झालेल्या आहेत. याउलट, निकोटिनामाइड रोज दोन वेळा प्रत्येकी ५०० मिग्रॅ. घेतल्याने आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेलेल्या रुग्णांत नवीन कर्करोगांचे प्रमाण वर्षभरात सु. २३ टक्क्यांनी घटल्याचे ऑस्ट्रेलियातील २०१५ च्या चाचणीत दिसले. उपचार थांबविल्यावर हा लाभ टिकला नाही. असा वापर हा औषधोपचार असून तो वैद्यकीय सल्ल्यानेच करावयाचा असतो.

आहार : त्वचेसाठी निराळा आहार नाही, संतुलित आहार हाच तिचाही आहार होय. आवळा, पेरू व लिंबू यांतून क जीवनसत्त्व मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार त्याची दैनंदिन गरज पुरुषांत ८० मिग्रॅ. व स्त्रियांत ६५ मिग्रॅ. असून ती एका मध्यम पेरूतून भागू शकते. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर व पिकलेला आंबा यांतील कॅरोटिनापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते. त्याच्या शोषणासाठी जेवणात थोडे तेल किंवा तूप असावे लागते. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी व मासे यांतून प्रथिने आणि तीळ, शेंगदाणे, जवस व करडई यांतून आवश्यक वसाम्ले मिळतात. तारुण्यपीटिकांच्या बाबतीत रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी केल्याने काही रुग्णांत सुधारणा होते, असे चाचण्यांत आढळले आहे.

दीर्घकाळ टिकणारे चट्टे, न भरणाऱ्या जखमा किंवा अकारण रक्तस्राव यांवर आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत; कारण तेच लक्षण त्रुटीचे, संसर्गाचे वा अन्य रोगाचेही असू शकते. उणीव कोणती हे ठरल्यावर तिच्यावरील उपाय बहुधा साधा व स्वस्त असतो.