सीएसएमटी ते दिवा, पायी!

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. दिवेकरांनो, अंतर ओळखीचं वाटतंय? वाटणारच! रुळांवरून सीएसएमटीपासून मोजत निघालं की साधारण तेवढ्यावरच आपलं दिवा येतं. टाटा मुंबई मॅरेथॉन सुटते तीही सीएसएमटीहूनच. तिचा रस्ता वेगळा, समुद्राकडचा. पण अंतर आपलंच. भायखळा, दादर, कुर्ला, मुलुंड, ठाणे, मुंब्रा... एवढं सगळं पायी!

पावलं मोजू. एक पाऊल एक मीटरचं धरा, झाली ४२,१९५ पावलं. धावताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या अडीचपट भार पडतो म्हणतात. माणूस ६० किलोचा धरला तर दर पावलाला १५० किलो. करा गुणाकार. ६३ लाख किलो! एवढ्या वजनाचं पाणी आणायला १०,००० लिटरचे ६३० टँकर लागतील. टँकर म्हणजे काय, हे दिव्याला सांगायला नको. निळी पिंपं रांगेत लावून एकेका टँकरची वाट पाहिलीय आपण. हे ६३० एकामागे एक उभे केले तर रांग पाच किलोमीटरची, दिव्यापासून जवळजवळ डोंबिवलीपर्यंत! आणि सगळा भार दोन गुडघ्यांवर.

मुंबई मॅरेथॉनमधले कितीतरी जण एखाद्या संस्थेसाठी धावतात. नातेवाईक, ऑफिस, सोसायटी, सगळीकडे शब्द टाकून पैसे गोळा करतात. २०२४ च्या मॅरेथॉनमधून निरनिराळ्या संस्थांसाठी ७० कोटींहून जास्त रुपये उभे राहिले. दहाच्या नोटा केल्या तर सात कोटी नोटा. टोकाला टोक लावून मांडल्या तर साडेआठ हजार किलोमीटर. मुंबई-पुणे बावीस वेळा जाऊन यायचं!

असा पैसा मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थांनाही हवा असतो. का, ते कळायला आता या आजारांचे आकडे बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ कोटी माणसांना उपचारांची गरज आहे. पंधरा कोटी! खच्चून भरलेल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली, तर ३०,००० लोकल. मध्य रेल्वेच्या दिवसभरातल्या फेऱ्या अठराशेच्या आसपास. म्हणजे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्या फेऱ्या जवळजवळ सतरा दिवस फक्त हीच माणसं वाहत राहतील. त्यातल्या दर दहांपैकी निदान सात जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. गाडी आली, पण दारात पाय ठेवायला जागा नाही. दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून हे ज्याला कळत नाही, त्याला कुठे कळणार?

कारण डॉक्टरच किती? लाखामागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ. म्हणजे सत्तावीस भरलेल्या लोकल आणि एक डॉक्टर! ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं, खाटा १,८५०. एका लोकलची निम्मी गर्दीसुद्धा तिथे मावणार नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, तशा संस्था म्हणूनच लाखमोलाच्या.

आता शेवटचा हिशेब. दर पावलाला एक रुपया मिळाला तर एका धावपटूमागे ४२,१९५ रुपये. सकाळच्या एका लोकलमधल्या प्रत्येकाने दहा रुपये काढले की ५०,००० झाले; अख्खी मॅरेथॉन फिटली, वर पावणेआठ हजार उरले! आणि त्या ३०,००० लोकलमधल्या प्रत्येकामागे एकच रुपया पडला तर १५ कोटी.

तुमच्या ओळखीतलं कुणी मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेसाठी धावणार असेल, तर दहा रुपये तरी द्या. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.